पळती हद्द

फ्रिजमधल्या ट्रेत पाणी गोठू लागले की बर्फ आणि पाणी यांच्यामधली सीमा कडेपासून आत सरकत जाते. ती कुठवर पोचली हे उष्णता किती बाहेर गेली यावर ठरते, आणि उष्णता किती बाहेर जाईल हे सीमा कुठे आहे यावर! शाळेच्या गणितात शेताची हद्द आधी आखून दिलेली असते. इथे हद्दच ठाऊक नाही, शिवाय ती पळती.

व्हिएन्नाचे योसेफ स्टेफान यांनी हे गणित १८९१ मध्ये ध्रुवीय समुद्राला लावले. मोहिमांवर गेलेल्यांनी नोंदलेली मापे त्यांच्यापुढे होती. थंडी सारखीच राहिली तर बर्फाची जाडी दुप्पट व्हायला चौपट काळ लागतो, कारण बर्फ हीच खालच्या पाण्यावरची गोधडी होते.

संगणक आल्यावर वेगळीच अडचण उभी राहिली. सीमेवर ठिपके मांडायचे आणि एकेक पुढे सरकवायचा, हा सरळ मार्ग. पण पावसात खिडकीच्या काचेवरचे दोन थेंब एक झाले, की कुठला ठिपका कुणाचा? १९८८ मध्ये स्टॅन्ली ओशर आणि जेम्स सेथियन या अमेरिकन गणितज्ञांनी यावर तोडगा काढला. धरणाच्या पाण्यात दोन शिखरांचा एक डोंगर आहे असे समजा. पाणी चढले की एका बेटाची दोन बेटे होतात. डोंगर मात्र अखंडच असतो. तेव्हा काठाच्या मागे न धावता सगळ्या डोंगराचा हिशेब ठेवावा, काठ आपोआप मिळतो. (ते पाणी स्थिर ठेवून डोंगर हलवतात, एवढाच फरक.) पुढे ही युक्ती वैद्यकीय चित्रांत अवयवाची कड शोधायला आणि चित्रपटांतल्या लाटा उभ्या करायलाही कामी आली.

अशा विषयांवर जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या ओबरवोल्फाख संस्थेत आठवडाभराच्या कार्यशाळा भरतात. जेवणाच्या जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या बदलत राहतात, म्हणजे रोज नवा शेजारी. आणि बुधवारी दुपारी सगळे रानात फिरायला जातात. यातून काय निघाले, असे कुणी विचारील तर शुक्रवारी दाखवायला बहुधा काहीच नसते.

आम्ही बँकेत कर्जप्रस्ताव तपासत असू तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: परतफेड कधीपासून? कर्जाला तो शोभतो. गणिताला तोच प्रश्न विचारून अनुदानाला कात्री लावणाऱ्यांशी माझे भांडण आहे. स्टेफान १८९३ मध्ये वारले. आर्क्टिकच्या बर्फाच्या आजच्या अंदाजांत त्यांची अट अजून बसलेली आहे. हा हिशेब कुठल्या खतावणीत मांडणार?

आणि कात्री काही सरकारच्याच हातात नसते. मुलगी म्हणाली, "इंजिनिअरिंग नको, मी गणितात एम.एस्सी. करते," की घरात सुतक पडते. "पुढे नोकरीचे काय?" असे तिला विचारणारे काका माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. त्यांतले निम्मे बँकेतलेच.