माळ्यावरची बॅट



मागे एकदा शेजारच्या वहिनींकडे विरजण मागायला गेले, तर त्या स्टुलावर उभ्या. पदर खोचलेला आणि हातात क्रिकेटची बॅट. माळ्यावरच्या जुन्या पेटीमागं ती ढकलायची खटपट चालली होती. मला पाहून म्हणाल्या, "ताई, जरा स्टूल धरा हो, डुगडुगतंय." मी धरलं. बॅट पार मागं गेली, वहिनी खाली उतरल्या, हात झटकले. आणि मग माझ्या ध्यानात आलं, आपण कशाला हातभार लावला ते.

बॅट त्यांच्या लेकीची. तिची नववीची परीक्षा नुकतीच संपलेली, जूनपासून दहावी. आमच्या वालचंदनगरच्या कॉलनीत संध्याकाळी पोरांचे दोन-तीन डाव रंगलेले असतात, त्यात ही एकटी मुलगी. सुरुवातीला पोरं तिला नुसता चेंडू आणायला पळवायची. हल्ली ती आपल्या बाजूला यावी म्हणून दोन्हीकडचे कप्तान भांडतात. मी ओट्यावर मेथी निवडत बसते तेव्हा पाहते ना!

"दहावीचं वर्ष आहे, ताई," वहिनी म्हणाल्या. "ह्यांची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. सासूबाईंचं पथ्य वेगळंच. त्यात ही सात वाजता मातीनं माखून येणार आणि पुस्तक उघडलं की पेंगणार. शिवाय येणारी-जाणारी विचारतात, अजून मुलांत खेळते का म्हणून. एकदा दहावी होऊ दे, मग खेळू दे की!"

हा "मग" माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. मी शाळेत खो-खो खेळायचे. आमच्या आईनंही अगदी हेच सांगितलं होतं, "दहावी झाली की मग खेळ." दहावी झाली, मग बारावी आली, मग पाहुणे बघायला आले. तो "मग" काही उजाडला नाही. आईचा राग नाही हं माझा. तिनं माझ्या भल्याचंच पाहिलं. पण त्या दिवशी विरजणाची वाटी घेऊन घरी आले, ती काही स्वस्थ बसवेना.

मनात सारखी आली ती सांगलीची स्मृती मानधना. सांगली काही आपल्याला परकी नाही. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावानं आपलं गाव वसलं, त्यांच्याच नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज सांगलीत आहे. स्मृतीचा जन्म मुंबईचा, १९९६ सालचा. पण ती लहान असतानाच घर सांगलीजवळच्या माधवनगरला आलं आणि ती तिथंच वाढली. तिचे वडील श्रीनिवास सांगली जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलेले. थोरला भाऊ श्रवणही खेळणारा. भावाच्या मागं मागं ही मैदानावर जायची. एरवी ती उजव्या हाताची, पण भाऊ डावखुरा खेळायचा म्हणून हीसुद्धा डावखुरी उभी राहू लागली. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात निवड झाली, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या. आपल्याकडं त्या वयाच्या मुलीला वेणीसुद्धा आपली आपण घालता येत नाही!

आता तिच्या पराक्रमाचे टप्पे एकेक सांगते. मुलींना वाचून दाखवा.

२०१३ साली सतराव्या वर्षी बडोद्यात तिनं महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय मुलगी. हातातली बॅट होती राहुल द्रविडची. भावाला द्रविडकडून मिळालेली. दुसऱ्या कुणी ती काचेच्या कपाटात ठेवली असती. मानधनांच्या घरी ती वापरात आली, हे मला फार आवडलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती भारताकडून पहिल्यांदा खेळली होती. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये पहिली कसोटी. संघातल्या आठजणी कसोटीत अगदी नवख्या होत्या, तरी भारत जिंकला. स्मृतीनं दुसऱ्या डावात ५१ धावा केल्या. २०१६ साली ऑस्ट्रेलियात होबार्टला पहिलं आंतरराष्ट्रीय शतक झालं.

२०१८ आणि २०२१ या दोन्ही साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळानं तिला जगातली त्या वर्षाची सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरवलं. २०२१ मध्येच ऑस्ट्रेलियात दिव्यांच्या उजेडात, गुलाबी चेंडूवर खेळलेल्या कसोटीत १२७ धावा केल्या. अशा कसोटीत शतक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०२४ मध्ये चेन्नईच्या कसोटीत शफाली वर्माबरोबर पहिल्या जोडीची २९२ धावांची भागी केली, तो जागतिक विक्रम झाला. जून २०२५ मध्ये नॉटिंगहॅमला ट्वेंटी-ट्वेंटीतलं शतक झालं. म्हणजे क्रिकेटच्या तिन्ही प्रकारांत शतक झळकावणारी पहिली भारतीय स्त्री आपली सांगलीकरच. त्याच सप्टेंबरात दिल्लीत ५० चेंडूंत शतक केलं. एकदिवसीय सामन्यात एवढ्या झटपट शतक तोवर कुणा भारतीय पुरुषानंही केलं नव्हतं! ऑक्टोबरात एका वर्षात एक हजार एकदिवसीय धावा करणारी जगातली पहिली स्त्री ठरली. आणि डिसेंबरात तिरुवनंतपुरमला आंतरराष्ट्रीय धावांची बेरीज दहा हजारांवर गेली. भारतात तिच्याआधी हे फक्त मिताली राजला जमलं होतं.

वाचताना छाती भरून येते की नाही? पण खरं सांगू, बारामतीहून एस.टी.नं गावाकडं येताना रस्त्याकडेचे मैलाचे दगड आपण मोजतो, तरी गाडी काही दगडांवरून चालत नाही. ती चालते दोन दगडांमधल्या खाचखळग्यांतून. त्या दोन दगडांमध्ये काय होतं, ते आपण आयांनी नीट पाहिलं पाहिजे.

२०१७ च्या जानेवारीत स्मृतीचा गुडघा दुखावला. पाच महिने मैदान बंद. जूनमध्ये इंग्लंडला विश्वचषक. ती जाऊ शकेल की नाही इथपासून शंका. गेली, आणि पहिल्या सामन्यात ९० केल्या, दुसऱ्यात नाबाद १०६. आता कोण अडवणार, असं वाटलं, तर पुढच्या सामन्यांत धावाच आटल्या. लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात तर ती शून्यावर बाद झाली आणि भारत अवघ्या नऊ धावांनी हरला. दिल्लीचं ते ५० चेंडूंतलं शतक झालं, तो सामनाही आपण हरलोच. २०२५ च्या विश्वचषकात सुरुवातीला तिचा जम बसत नव्हता. इंदूरला इंग्लंडविरुद्ध ८८ वर ती बाद झाली आणि हाताशी आलेला सामना चार धावांनी गेला. चारच दिवसांनी नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध तिनं १०९ केल्या. त्याच मैदानावर २ नोव्हेंबरला भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. त्या दिवशी स्मृतीच्या धावा ४५. शतक नाही, पण पहिल्या जोडीनं शंभरी ओलांडून दिली होती. लॉर्ड्सच्या शून्यापासून तो चषक हातात यायला आठ वर्षं लागली. दहावीत एका विषयात मार्क कमी पडले की आपण घरात सुतक पाळतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणि आता तिच्या आईची गोष्ट. स्मिताताई लेकीचं खाणंपिणं, कपडालत्ता, सामानसुमान सगळं बघायच्या. दहावीनंतर स्मृतीच्या मनात सायन्सला जायचं होतं. आपण आया काय करू? पेढे वाटू! या माउलीनं नको म्हटलं. का, तर सायन्स घेतलं की क्रिकेटला वेळ उरायचा नाही. पुढं २०१४ साली बारावीची परीक्षा आणि बांगलादेशातला विश्वचषक एकाच वेळी आले, तेव्हा मुलीनं परीक्षा सोडली.

थांबा, लगेच मासिक बाजूला ठेवू नका! मुलींना परीक्षेला बसवू नका, असं मी अजिबात म्हणत नाही. मानधनांच्या घरी वडील आणि भाऊ खेळ जाणणारे होते आणि मुलगी आधीच देशाकडून खेळत होती. प्रत्येक घरातली मुलगी स्मृती होणार नाही. आमच्या वहिनींची लेकही बहुधा व्हायची नाही. पण मुलगा रोज गल्लीत खेळतो तेव्हा "तू गावस्कर होणार का?" असं त्याला कोण विचारतं? त्याला खेळायचंय, एवढं पुरतं. मग मुलीलाच आधी हिशेब का द्यावा लागतो?

खरं म्हणजे मुलींचं क्रिकेट उभं राहिलं ते आपल्या पुण्यातूनच. १९७३ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा संघ होते फक्त तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७६ मध्ये बंगळुरात भारतीय महिला पहिली कसोटी खेळल्या. महिलांचं क्रिकेट मुख्य मंडळाच्या छत्राखाली आलं ते थेट २००६ साली, आणि सामन्याचं मानधन पुरुषांच्या बरोबरीनं ठरलं २०२२ मध्ये. मधल्या वर्षांत ज्या खेळल्या, त्यांना ना पैसा होता ना नाव. त्याही कुणाच्या तरी लेकीच होत्या, आणि कुणीतरी त्यांची बॅट माळ्यावर टाकली नाही.

तर खेळणारी मुलगी घरात असेल, तर काय करता येईल, ते थोडक्यात सांगते.

वेळ: खेळ बंद करण्याऐवजी त्याला घड्याळ लावा. साडेपाच ते पावणेसात मैदान, आल्यावर आंघोळ, खाणं आणि मग अभ्यास. जड विषय पहाटेला ठेवा. खेळून आलेली मुलगी रात्री लवकर झोपते, ती पहाटे उठूही शकते.

खाणं: महागड्या डब्यांतली पावडर नको. मैदानावर जाण्याआधी मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, किंवा एखादं केळं. आल्यावर लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी. जेवणात पालेभाजी, मोडाची उसळ, चालत असेल तर अंडं. नाचणीची आंबील तर आपल्या घरचीच. या वयात मुलींच्या अंगात रक्त कमी असणं फार आढळतं, म्हणून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या.

महिन्याचे दिवस: त्या दिवसांत खेळायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. बरं वाटत असेल तर खेळायला हरकत नाही. फार दुखत असेल किंवा फार जात असेल, तर "सगळ्यांनाच होतं" म्हणून दडपू नका, डॉक्टरांना दाखवा.

कपडे: गवताचे डाग लगेच गरम पाण्यात घालू नका, पक्के बसतात. आधी गार पाण्यात भिजवून साबण चोळून अर्धा तास ठेवा. आणि ते तिचं तिला धुवायला शिकवा! खेळणाऱ्या मुलालाही हाच नियम.

कागदपत्रं: वयोगटाच्या निवडीला जन्माचा दाखला आधी मागतात. तो आणि आधार कार्ड, दोन्हींवरचं नाव आणि तारीख एकच आहे ना, हे आजच पाहून ठेवा. ऐन वेळी धावपळ होते.

सोबत: खेळ कोण शिकवतं, तिथं आणखी मुली आहेत का, परतायला किती वाजतात, हे आईनं स्वतः जाऊन पाहावं. कुणीतरी सांगितलं म्हणून पाठवू नये, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून थांबवूही नये.

तर वाटी परत द्यायच्या निमित्तानं मी पुन्हा वहिनींकडे गेले. रिकामी वाटी द्यायची नाही म्हणून चार बेसनाचे लाडू घातले होते. स्मृतीची गोष्ट सांगितली, तिच्या आईची जरा जास्तच सांगितली. वहिनी ऐकत होत्या, पण पटल्यासारखं काही दिसेना. तेवढ्यात कॉटवर पडलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, संध्याकाळी खिडकीतनं मला तेवढंच एक बघायला असतं. चार दिवस झाले, पोरगी दिसत नाही मैदानात."

वहिनी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं उठल्या, स्टूल आणलं, माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "धरा हो ताई, डुगडुगतंय."

या खेपेला मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पावणेसातची अट मात्र ठरली आहे. एक मिनिट उशीर झाला तर बॅट पुन्हा वर जाणार, असं वहिनींनी लेकीला बजावलंय. पोरगी रोज पाच मिनिटं आधीच घरात असते.

तुमच्याही माळ्यावर काही आहे का? एकदा चढून बघा. आणि स्टूल धरायला शेजारणीला बोलवा.