सोयाबीन पिकवतो, मग खात का नाही?



आज भाव नाही, फवारणी नाही. विषय घरातल्या ताटाचा आहे. शुगरची गोळी चालू असलेलं माणूस आता गावात घरोघरी सापडतं, आणि त्याच घरात सोयाबीनची थप्पी लागलेली असते. पण मळणी झाली की सगळा माल मोंढ्यावर. घरात मूठभर दाणे राहत नाहीत. आमच्या मते हे काही बरोबर नाही.

सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला ३६ ते ४० ग्रॅम प्रथिनं असतात, तूरडाळीत साधारण २२. पिष्ट कमी, तंतू भरपूर. म्हणून जेवणानंतर रक्तातली साखर हळू चढते, पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं. मात्र भाकरी-भात आहे तेवढाच ठेवून वरून सोयाबीन खाल्लं तर उपयोग नाही. तीन पोळ्यांच्या जागी दोन घ्या आणि सोबत वाटीभर सोयाबीनची उसळ, तेव्हा फरक पडतो. तेल यात धरू नका. प्रथिनं पेंडीत जातात. म्हणजे चांगला भाग कोंबड्यांना आणि तळण आपल्याला!

कच्चं दळू नका. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनेच मोडतो. दाणे रात्रभर भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात २०-२५ मिनिटं उकळा, कडक उन्हात वाळवा. मग नऊ किलो गव्हात एक किलो घालून दळून आणा. उग्र वास कमी होतो, पोरंही कुरकुरत नाहीत.

पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं बियाणं कितीही धुतलं तरी खायचं नाही. कोंबड्यांनाही नको.

आणि मोबाईलवर फिरतं तसं 'सोयाबीनने शुगर बरी होते' हे खरं नाही. गोळी किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नका. उलट, पोळी-भात कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली येऊ शकते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवा. किडनीचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

यंदा माल केंद्रावर आणण्याआधी वीसेक किलो सोयाबीन चाळून, चांगलं वाळवून घरात वेगळं काढून ठेवा.