वाजवणाऱ्याचं नाव काय?

प्रयोग करणाऱ्या संगीतकाराचं पोट कशावर चालतं, हा प्रश्न आपण विचारतच नाही. नाव झालं तर टाळ्या वाजवतो, नाही झालं तर ‘वाया गेला’ म्हणून मोकळे होतो.

मुंबईचे चरणजित सिंग यांचं उदाहरण घ्या. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये ते बास गिटार, कीबोर्ड वाजवत. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं एकमेकांना जोडली: ताल देणारं टीआर-८०८, खर्जाच्या ओळी वाजवणारं टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यावर भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. रेकॉर्ड निघाली, पण खपली नाही. सिंग लग्नसमारंभात वाजवत राहिले.

१९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच ३०३ मधून ‘अ‍ॅसिड हाउस’चा आवाज काढला आणि तो जगभर गाजला. सिंग यांची रेकॉर्ड २०१० मध्ये नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले: हे मुंबईत पाच वर्षं आधीच झालं होतं! सत्तरीत त्यांना युरोपातून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले.

कुणी म्हणेल, संस्थेचा आधार हवा होता. तोही पुरत नाही. १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने मूग मॉड्युलर सिंथेसायझर उभा केला. यात आवाज काढणारे, गाळणारे, वळवणारे भाग सुटे असतात. ते वायरींनी जोडत आपला आवाज आपणच घडवायचा. गीता साराभाईंसारख्यांनी त्यावर काम केलं. त्या टेप कपाटात पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये लोकांपुढे आल्या.

म्हणजे बाजाराने विचारलं नाही आणि संस्थेलाही विसर पडला. सिंग यांना तगवलं ते रोजच्या वाजवण्याने. लग्नातली सुपारी ही कलेची अधोगती नव्हे, ती कलावंताची भाकरी आहे.

उरवड्यात, पिरंगुटच्या कारखान्यांच्या या पट्ट्यात, शिफ्ट संपवून बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवणारी पोरं आहेत. त्यातला एखादा रात्री मोबाइलवर स्वतःचे आवाज जुळवत बसत असेल. त्याला आपण काय देतो? आपल्या मुस्लिम घरांत तर आणखी एक अडचण. वाजवणं जायज की नाजायज यावर उलेमांत मतभेद आहेत, तो वाद मी इथे मिटवायला बसलेलो नाही. पण वरातीला बँड आपणच ठरवतो, आणि त्याच वाजवणाऱ्याचं स्थळ आलं की नाक मुरडतो. हा दुटप्पीपणा कुठल्या किताबात बसतो?

प्रत्येकाला युरोपातून बोलावणं येणार नाही. येईपर्यंत तरी कशाला थांबायचं? ठरलेले पैसे वेळेवर द्या. त्याने स्वतःचं काही केलं असेल तर बसून ऐका. आणि निघताना नाव विचारा. ‘कीबोर्डवाला’ हे कुणाचं नाव नसतं.