घरमालक सरकार

सरकारी घर म्हटलं की आपल्याला म्हाडाची सोडत आठवते. अर्ज भरा, अनामत रक्कम भरा, नाव लागतंय का बघा. पण सोडतीतलं घर विकत घ्यायचं असतं. चार वर्षं मुंबईत नोकरी करून पुढे कुठे जायचं ते ठरवणाऱ्या मुलीला, किंवा बँकेला दाखवायला पगाराची स्लिपच नसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्यांना हवं असतं परवडणाऱ्या भाड्याचं घर. सरकारच्या दुकानात तो माल जवळजवळ संपलाय.

एकेकाळी हे दुकान भरलेलं होतं. 1920च्या दशकात मुंबईत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला मिळून सरकारी विकास खात्याच्या 207 चाळी, म्हणजे बीडीडी चाळी, उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. भाड्यातली तूट भरून काढायला शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला होता. ज्या कापसावर गिरण्या चालायच्या, त्यानेच कामगाराच्या भाड्याला हातभार लावायचा. एवढा रोखठोक हिशेब नंतरच्या कुठल्या योजनेत मला दिसला नाही. गंमत म्हणजे सुरुवातीला या चाळींत राहायला कोणी येईना. कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा चक्क तुरुंग झाला. पुढे मात्र त्याच खोल्यांत कोकणातून, घाटावरून आलेली कुटुंबंच्या कुटुंबं मावली.

स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळानेही भाड्याच्या वसाहती बांधल्या. विक्रोळीचं कन्नमवार नगर त्यातलंच. ती घरं यथावकाश मालकीची झाली. बीडीडीच्या भाडेकरूंनाही आता 500 चौरस फुटांची मालकीची घरं मिळताहेत. वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025मध्ये दिल्या. त्याबद्दल माझ्या पोटात दुखत नाही, तीन-चार पिढ्या त्यांनी तिथे काढल्यात. पण प्रत्येक वेळी भाड्याचं घर कायमचं एका कुटुंबाचं होतं आणि शहरात नव्याने येणाऱ्यासाठी काही उरत नाही.

2008मध्ये एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना काढली. बिल्डरला चार एफएसआय, म्हणजे जमिनीच्या चौपट बांधकाम, द्यायचा आणि बदल्यात त्याच्याकडून छोटी घरं फुकट घ्यायची. खोली पुन्हा 160 चौरस फुटांचीच! जवळजवळ नव्वद वर्षांत गरिबाचं माप एका फुटानेही वाढलं नव्हतं. त्या खोल्याही शेवटी भाड्याच्या राहिल्या नाहीत. पनवेलजवळ कोनला दोन-दोन खोल्या जोडून गिरणी कामगारांसाठी 2016मध्ये सोडत निघाली, सहा लाखांना एक घर.

सरकारला घरमालक व्हायचं नाही, याचं कारण उघड आहे. भाडं वाढवलं की मोर्चा, थकलं तरी कोणाला बाहेर काढता येत नाही आणि गळणारं छत दुरुस्त करायला पैसा नाही. संक्रमण शिबिरांत तात्पुरते म्हणून गेलेल्यांची नातवंडं तिथे मोठी झाली. त्यापेक्षा विकून मोकळं झालेलं बरं, असं कुठल्याही अधिकाऱ्याला वाटेल.

पण त्याची किंमत कोण मोजतं? कॉट बेसिसवर राहणारी नर्स. तिच्या वाट्याला एक खाट, कपाटातला एक कप्पा आणि फ्रिजच्या दारातली अर्धी फळी. मैत्रिणींबरोबर फ्लॅट घ्यायचा तर डिपॉझिट, दलाली आणि अकरा महिन्यांनी पुन्हा बाडबिस्तरा.

हे जमतच नाही, असंही नाही. 2020मध्ये केंद्राने रिकामी सरकारी घरं भाड्याने द्यायची योजना आणली, तेव्हा चंदीगडने मलोयातली 2,195 घरं त्यात घातली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे. आपल्या राज्याचं मे 2025चं गृहनिर्माण धोरण विद्यार्थी, कामगार आणि नोकरदार महिलांसाठी भाड्याच्या घरांची भाषा करतं. वाचून बरं वाटलं. पण यातली काही घरं दहा वर्षं भाड्याने आणि नंतर मालकीने द्यायची, असं त्यात म्हटलंय. भाड्याची घरं भाड्याचीच ठेवायची असतील तर आधी ही मालकीची तरतूद काढावी लागेल आणि देखभालीचा पैसा दरवर्षी अर्थसंकल्पात धरावा लागेल.