हृदयातून उपसलेली तलवार

समोरच्याच्या छातीत हात घालून त्याच्या मनाचे शस्त्र बाहेर काढायचे आणि त्याने लढायचे, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांच्या प्रतिभेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ‘गिल्टी क्राउन’ ही २२ भागांची जपानी ॲनिमे मालिका ऑक्टोबर २०११ ते मार्च २०१२ या काळात फुजी टीव्हीवर प्रसारित झाली. निर्मिती ‘प्रॉडक्शन आय. जी.’ या मातब्बर स्टुडिओची, दिग्दर्शन तेत्सुरो अराकी यांचे, संगीत हिरोयुकी सावानो यांचे. एका विद्यार्थ्याच्या आग्रहाखातर ती मी पाहिली. पहिल्या दोन भागांनंतर त्याचे आभार मानले. बाविसाव्यानंतर ते परत घ्यावेसे वाटले.

कथानक २०३९ सालचे. दहा वर्षांपूर्वीच्या नाताळात पसरलेल्या विषाणूने जपान कोलमडलेला आहे आणि ‘जीएचक्यू’ नावाची आंतरराष्ट्रीय यंत्रणा देश चालवते आहे. हे नाव साधे नव्हे. १९४५ ते १९५२ या काळात जपान दोस्तराष्ट्रांच्या अमलाखाली होता. त्या प्रशासनाला तिथले लोक याच नावाने ओळखत. मालिकेत मात्र हा इतिहास खलनायकांच्या गणवेशापुरताच उरतो.

माझी खरी तक्रार रूपकाविषयी आहे. शू ओमा हा बुजरा शाळकरी मुलगा इतरांचे ‘व्हॉइड’ बाहेर काढू शकतो. व्हॉइड म्हणजे त्या त्या माणसाच्या अंतर्मनाला आलेला आकार. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या आयासेचा व्हॉइड पायांत चढवून उडण्याचे साधन, तर कनवाळू हारेचा, मोडलेले सांधणारी पट्टी. सुरुवातीला व्हॉइड काढताच त्याचा धनी शुद्ध हरपतो. दुसऱ्याचे अंतरंग त्याच्या नकळत वापरण्याचा अधिकार नायकाला कोणी दिला, हा प्रश्न इथेच उभा राहायला हवा होता. (कथाकारांनी तो स्वतःलाही विचारायला हरकत नाही.)

उत्तरार्धात तो उभा राहतो खरा. शाळा वेढ्यात सापडते, व्हॉइडच्या उपयुक्ततेवरून विद्यार्थ्यांची प्रतवारी लागते आणि हारेच्या मृत्यूनंतर शू हुकूमशहा होतो. व्हॉइड मोडला तर त्याचा धनीही मरतो, हेही याच सुमारास उघड होते. गुणांच्या यादीवरून मुलांना तोलण्याचे काम आम्ही प्राध्यापकही करतोच. त्यामुळे हे भाग पाहताना मी अस्वस्थ झालो. पण मोजक्याच भागांत लेखकांचा धीर सुटतो. सोबती बंड करतात, मेलेला गाई परत येतो, शूचा हातच तोडतो, आणि पेच संपतो! आपण काय केले हे शूला आतून उमगण्याची वेळच येत नाही. पुन्हा जगाचा अंत, पुन्हा गुप्त संघटना, पुन्हा भव्य स्फोट.

आणि इनोरी? तिचा व्हॉइड म्हणजे मालिकेतील सर्वांत देखणी तलवार. तिची गाणीही श्रवणीय. मात्र तिला स्वतःला काय हवे आहे याची चौकशी लेखक फारशी करीत नाहीत. अखेरीस ती शूसाठी मरते आणि तो दृष्टी गमावून, तिचे गाणे ऐकत बाकावर बसून राहतो.