मार्चअखेरची शेतीशाळा

फेब्रुवारी-मार्च आला की तालुक्याच्या गावी सेंद्रिय शेतीच्या प्रशिक्षणांना बहर येतो. मंगल कार्यालयावर फ्लेक्स लागतो, दीपप्रज्वलन होते, मान्यवर मनोगते व्यक्त करतात, आणि जेवणाआधी उरलेल्या पाऊण तासात तज्ज्ञ जीवामृत शिकवून मोकळे होतात. हजेरीपत्रकावर सह्या, पिशवीत वही-पेन-पुस्तिका, फोटो, निधी खर्ची. त्या वेळी रानात काय असते? वाळलेल्या पऱ्हाट्या. सोयाबीन कधीच विकले गेलेले, तूर मळून झालेली. ज्या अळीबद्दल, ज्या तणाबद्दल बोलायचे, त्यातले काहीच शिवारात उरलेले नसते. पण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि खरीप जूनमध्ये सुरू होतो, त्याला कोण काय करणार!

पैसा नाही म्हणावे तर तशीही स्थिती नाही. केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ पासून चालू आहे. विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी राज्याने २०१८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन काढले, पुढे ते राज्यभर नेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला २,४८१ कोटी रुपयांची मंजुरी दिली. एक कोटी शेतकरी, १५ हजार समूह, १० हजार जैव-निविष्ठा केंद्रे, ३० हजार कृषी सखी (गावातल्याच प्रशिक्षित महिला) असे त्याचे आकडे आहेत. (‘सेंद्रिय’वाल्यांचे आणि ‘नैसर्गिक’वाल्यांचे आपसांत पटत नाही, ते वेगळे. अळीला तो भेद कळत नाही.) प्रश्न एवढाच की, या एक कोटींना शिकवायचे काय, केव्हा आणि कुणी?

सध्या शिकवली जाते ती जीवामृताची पाककृती. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, किलो-दोन किलो गूळ, तेवढेच बेसन, बांधावरची मूठभर माती. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्यामुळे हे आता गावोगाव तोंडपाठ आहे. पण त्या ड्रममधल्या १० किलो ताज्या शेणात नत्र किती, हे कुणी फळ्यावर मांडून दाखवत नाही. चांगले शेण असले तरी जेमतेम ५० ग्रॅम. आणि गव्हाचा एक क्विंटल दाणा रानातून दोन किलोच्या आसपास नत्र उचलून नेतो. जीवामृत म्हणजे खत नव्हे, जिवाणूंचे विरजण आहे, असे त्याचे पुरस्कर्तेच सांगतात. मान्य, पण विरजण कितीही उत्तम असले तरी आधी दूध लागते. ते दूध म्हणजे कुजलेले शेणखत, फुलोऱ्यात गाडलेला ताग किंवा धैंचा, कपाशीत घेतलेल्या मूग-तुरीच्या ओळी, न पेटवता रानातच ठेवलेला काडीकचरा. एकरी पाच टन शेणखत पडले तर २५ किलोच्या घरात नत्र मिळते, तेही सगळे पहिल्याच वर्षी पिकाच्या हाती लागत नाही. मग ज्याच्या दावणीला एकच गाय उरली आहे त्याने चार एकरांना खत पुरवायचे कसे, कोणता तुकडा कोणत्या वर्षी धरायचा, द्विदल कुठे फिरवायचे? शिकवायची पहिली गोष्ट हा हिशेब, आणि तो प्रत्येकाच्या शेताचा वेगळा. तो वही घेऊन, शेतकऱ्याशेजारी बसूनच करावा लागतो. तो कुणी करत नाही. मग युरिया बंद, ड्रम सुरू, दुसऱ्या वर्षी कपाशी पिवळी आणि ‘सेंद्रियात काही राम नाही’ हा निष्कर्ष पारावर जाहीर. घाईने कच्चे शेण टाकणाऱ्याच्या रानात हुमणी येते ती वेगळीच.

दुसरी गोष्ट नजरेची. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे उदाहरण घ्या. तिच्यावर एचएएनपीव्ही नावाचे विषाणूचे औषध आहे आणि ते चांगले चालते. पण ते उन्हात निकामी होते, म्हणून संध्याकाळी फवारायचे. अळी लहान असतानाच फवारायचे. बोटाएवढी झाल्यावर उपयोग कमी. आणि फवारल्यावर थांबायचे. अळी खायची थांबते, मंदावते, झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि चार-सहा दिवसांनी तिथेच डोके खाली करून लटकून मरते. शरीर काळे पडून आतून पाणी झालेले असते. जाणकार शेतकरी अशा अळ्या वेचतो, ठेचून, गाळून त्यांचेच पुढचे फवारणीचे औषध करतो. ज्याला हे कुणी दाखवलेले नाही, तो दुसऱ्या दिवशी सकाळी रानात जातो, अळी जिवंत पाहतो आणि तडक कृषी सेवा केंद्र गाठतो. रासायनिक औषधाने वर्षानुवर्षे त्याला संध्याकाळपर्यंत खाली पडलेली अळी बघायची सवय लावली आहे. त्याला सहा दिवस धीर धरायला शिकवणे हे खरे प्रशिक्षण, आणि ते त्या सहा दिवसांतच होऊ शकते. मार्चमध्ये पडद्यावर लटकलेल्या अळीचा फोटो दाखवून नाही.

शिवाय ती अळी सगळ्यांत आधी दिसते ती खुरपायला, भाजी खुडायला रोज रानात असणाऱ्या बाईला. निमंत्रण मात्र सातबारावर ज्याचे नाव त्याला. कृषी सखीची कल्पना या बाबतीत चांगली आहे. तिला फक्त अर्ज भरून घेण्याच्या कामाला जुंपू नका म्हणजे झाले.

हंगामभर शिकवण्याची पद्धत काही नव्याने शोधायची नाही. भातावरच्या तपकिरी तुडतुड्याने जेरीस आणल्यावर इंडोनेशियात १९८९ मध्ये शेतीशाळा सुरू झाल्या. वीस-पंचवीस शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ, संपूर्ण हंगाम, तेही बांधावर. किडे मोजायचे, रोपाचे चित्र काढून त्यावर शत्रू आणि मित्र मांडायचे, बरणीत कोळी आणि तुडतुडे एकत्र कोंडून कोण कुणाला खातो ते पाहायचे, आणि फवारायचे की नाही हे गटाने ठरवायचे. आपल्या कृषी खात्यानेही शेतीशाळा घेतल्या, आणि जिथे माणूस खरोखर हंगामभर गेला तिथे त्यांचा उपयोग झाला. मंगल कार्यालयातल्या कार्यक्रमालाही तेच नाव देण्याची चलाखी अलीकडची. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी तर शाळेचीही भानगड ठेवली नव्हती. गणिताचा हा प्राध्यापक; त्यांनी प्रयोग परिवाराच्या रूपाने द्राक्ष बागायतदारांना एकमेकांशी जोडले आणि पानांचे क्षेत्रफळ, सूर्यप्रकाश यांची गणिते त्यांच्याकडूनच करवून घेतली. शेतकऱ्याला प्रयोग करता येतो, एवढाच त्यांचा आग्रह होता. आजच्या प्रशिक्षणात शेतकऱ्याने करायचे काम म्हणजे टाळ्या.

तिसरी गरज कंटाळवाणी आहे, म्हणून तिच्यावर कुणी व्याख्यान देत नाही. कागद. सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या सहभाग हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो, एकाच्या शेताची तपासणी दुसऱ्याने करायची असते. निर्यातीसाठी २००१ पासूनची राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची चौकट आहे, तिथे बाहेरची संस्था तपासते. दोन्हीकडे पेरणीची तारीख, बियाणे कुठले, काय फवारले, किती निघाले, कुणाला विकले, हे त्या त्या वेळी लिहावे लागते. प्रत्यक्षात किती गटांच्या नोंदवह्या तपासणीच्या आदल्या रात्री एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात भरल्या जातात, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारावे. अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये भारताच्या सेंद्रिय प्रमाणीकरण यंत्रणेशी असलेला मान्यतेचा करार संपवला. त्याचा फटका नोंदी चोख ठेवणाऱ्यांनाही बसला.

आणि कागदाच्या पलीकडची बारीक सावधगिरी? शेजाऱ्याचा पंप उसना आणला, त्यात टू-फोर-डी तणनाशकाचा अंश राहिला, तर जीवामृत फवारलेल्या कपाशीचीही पाने आकसतात. कपाशी त्या औषधाला फार नाजूक. तीन वर्षे जपलेली तूर युरियाच्या रिकाम्या गोणीत भरली किंवा कोठीत सेल्फॉसची कीडनाशक गोळी टाकली की सेंद्रियपण तिथेच संपले. यात त्या शेतकऱ्याची लबाडी नसते. गोणीबद्दल त्याला कुणी बोललेलेच नसते. आमच्या मते अभ्यासक्रमात जीवामृताइतकाच वेळ पंप, गोणी आणि कोठीला मिळाला पाहिजे.

ही पोकळी बाटलीवाले भरतात. दुकानात ‘ऑरगॅनिक’ लिहिलेल्या बाटल्यांची रांग असते आणि प्रशिक्षकही पुष्कळदा कंपनीचाच असतो. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे. पत्र्याच्या गोदामात मे महिना काढलेल्या पुड्यात तिचे काय उरते? नोंदणी क्रमांक कुठे असतो, मुदत कशी पाहायची, वेष्टनावर सूक्ष्मजीवांची संख्या कशी लिहितात, हे अर्ध्या तासात शिकवता येते. कंपनी ते शिकवणार नाही, हे उघड आहे. कृषी विज्ञान केंद्रांनी आणि विद्यापीठांनी ते का शिकवू नये?

तेव्हा जैविक शेती मिशनने प्रशिक्षणाबाबतच्या आपल्या आदेशात एवढी दुरुस्ती करावी. प्रशिक्षणाचा निधी सभागृहातल्या उपस्थितीवर नव्हे, जून ते जानेवारी या काळात शिवारात झालेल्या बैठकांवर मिळावा. त्यांत निम्म्या बायका असाव्यात. आणि शिकवायला त्याच तालुक्यातला, त्याच मातीत दहा-बारा वर्षे सेंद्रिय शेती करणारा शेतकरी असावा. आज त्याला कार्यक्रमात शाल-श्रीफळ मिळते आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला मानधन, प्रवासभत्ता. त्यालाही दर बैठकीचे तेवढेच मानधन ठरवावे, आणि ते मार्चची वाट न पाहता त्याच आठवड्यात खात्यावर जमा करावे.