कायद्याच्या आधी डफ: पंढरपूर, १९४७

१/ शुक्रवार पेठ ही सोलापुरातील एक जुनी पेठ. याच सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरात १९४७ साली मंदिरप्रवेशाचा लढा झाला. त्या लढ्याचा इतिहास बहुधा एका उपोषणापुरता सांगितला जातो. तो अपुरा आहे.

२/ संत चोखामेळ्याचे अभंग वारीत शतकानुशतके गायिले गेले. त्यांची समाधी मात्र महाद्वाराबाहेर, आणि त्यांच्या समाजाला विठ्ठलमंदिरात प्रवेश नाही. या विसंगतीविरुद्ध साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. ते १० मे रोजी सुटले.

३/ परंतु त्याआधी गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला होता. सोबत राष्ट्र सेवा दलाचे कलापथक होते. भाषणास न येणारा माणूस गाण्यास येतो, आणि आला की ऐकतो. या दौऱ्यात अनेक गावांची मंदिरे व पाणवठे खुले झाले.

४/ त्याच वर्षी मुंबई प्रांताने हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा केला. कलापथकाने कायदा घडविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र कायदा येण्यापूर्वी लोकमनाची मशागत झाली होती, हे नाकारणे अन्यायाचे होईल.

५/ रंगभूमीचा वेग मुळात संथ. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९चे. बालविवाह प्रतिबंधक कायदा १९२९चा. मध्ये तीस वर्षे. शिवाय ‘सारडा कायदा’ हे नाव नाटकाच्या नायिकेवरून नव्हे, तर हरविलास सारडा यांच्यावरून पडले. नाटकाने लाज निर्माण केली. विधेयक मांडण्यास मात्र विधिमंडळातील माणूसच लागला.

६/ आणखी एक बाजू ध्यानात घ्यावी. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहानंतर डॉ. आंबेडकरांनी मंदिरप्रवेशापेक्षा शिक्षण व राजकीय हक्कांस अग्रक्रम दिला. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तोच विचार वस्त्यावस्त्यांत नेला. दुसऱ्यांच्या दुःखावर गाणारे कलापथक आणि स्वतःचे हक्क स्वतः मागणारा जलसा, यांत मोठे अंतर आहे. पहिल्याने दार उघडण्याची विनंती केली. दुसऱ्याने दाराच्या मालकीचाच प्रश्न उपस्थित केला. इतिहासात दोहोंना स्थान हवे, पण दुसऱ्याची नोंद आजही कमी होते.

७/ आज शासकीय योजनांच्या प्रसिद्धीसाठी कलापथके नेमली जातात. त्या कलावंतांना मानधन मिळावेच. परंतु सत्तेकडे मागणी नेणारी कला केवळ सत्तेचा निरोप आणू लागली, तर डफ उरतो, जाब उरत नाही.

८/ म्हणून इतिहासप्रेमी तरुणांनी पुतळे व सनावळ्यांपलीकडे पाहावे. शुक्रवार पेठेत किंवा कोणत्याही पेठेत, ज्यांनी जलसे व कलापथके पाहिली असे वृद्ध अद्याप असतील. त्यांच्या आठवणी आजच टिपून घ्याव्यात. कायदा राजपत्रात जपला जातो. त्याची वाट तयार करणारे गाणे मात्र माणसाबरोबरच जाते.